नवऱ्याला टोपी घाला, परक्याला ऊब द्या

आमच्या गावात सत्कार्य करायला मोठं मन लागत नाही, रबरी शिक्का लागतो. ही तक्रार नव्हे. पुएर्तो आरायानच्या नागरी नोंदणी कचेरीत माझी हयात गेली. गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू आणि या दोहोंच्या मधला तो तिसरा प्रकार, म्हणजे लग्न, माझ्याच हाताने कागदावर उतरलं. शिक्का या वस्तूबद्दल मला देवाच्या खालोखाल आदर आहे. पण बायकोच्या विणकाम मंडळाला शिक्का मिळवून देण्याच्या भरात मी गावातल्या यच्चयावत नवऱ्यांची, आणि त्यांच्या आधी स्वतःची, जी अब्रू घालवली ती भरून देणारा शिक्का अजून कुणी तयार केलेला नाही.

माझी बायको ओर्फेलिना. दर गुरुवारी दुपारी शेजार-संघाच्या हॉलमध्ये ती आणि दहा-बारा बायका शेगडीभोवती बसून लोकर विणतात. कुणाच्या हातात दोन सुया, कुणाच्या हातात क्रोशाची एक. तोंड मात्र सगळ्यांचं चालू. ओल्या मेंढीचा वास, किटलीची वाफ आणि गावातल्या गैरहजर माणसांची चौकशी, असा तो कार्यक्रम. दरवर्षी हिवाळ्यात बाहेरच्या बेटांवरून माणसं शिंपल्यांच्या कामाला येतात आणि धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो आणि थेट कानात शिरतो. त्या परक्या माणसांना फुकट कानटोप्या द्यायच्या, हे मंडळाचं व्रत. 'परका' हा आमच्या बेटावर अपमानाचा शब्द नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर जन्मलेला तो परका. माझे सासरे पन्नास वर्षं इथे राहून परकेच वारले.

यात माझा संबंध काहीच नव्हता. संबंध आला तो बेलार्मिनो मान्सियामुळे. हा आमच्या चकतीफेक संघाचा अध्यक्ष. मातीच्या पेटीत ताणलेल्या दोरीवर लोखंडी चकत्या फेकायच्या आणि मग सफरचंदाची आंबट दारू, म्हणजे चिचा, प्यायची, अशी ती क्रीडा. पैकी दुसऱ्या भागात सगळेच खेळाडू निष्णात आहेत. या बेलार्मिनोने शेजार-संघाकडे अर्ज केला की पावसाळी हवेत आमचा खेळ बुडतो, सबब गुरुवारी दुपारचा हॉल आम्हाला मिळावा. संघाने निवाडा दिला: सान हुआनच्या सणाआधीच्या रविवारी सभा होईल. तोवर जे मंडळ रीतसर नोंदलेलं असेल आणि समाजकार्य करून दाखवील, त्याचा गुरुवार.

ओर्फेलिना घरी आली, शाल खुंटीला लावली आणि म्हणाली, "हेरिबेर्तो, कचेरीतून तू निवृत्त झालास. मी कशातूनच झालेली नाही. गुरुवार गेला तर आठवड्याचे सातही दिवस मी तुझ्याबरोबर घरात. मग एक तर मला वेड लागेल, नाहीतर मी तुला लावीन."

"आपल्या संसाराबद्दल असं बोलतात का?"

"संसार ठीक आहे रे. तो गुरुवारमुळे ठीक आहे." मग म्हणाली, "आणि आमच्यातल्या ओतिलियाच्या घरी दुपारी पेटवायला लाकूड नसतं. ती विणायला येत नाही, शेकायला येते. तिने कुठे जायचं?"

शिक्का कुठे मिळतो, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी कोट घालून नगरपालिकेत गेलो.

नगरपालिकेत संस्थांच्या टेबलावर कुमारी यास्ना बसते. हिच्या जन्माची नोंद मी केली होती. बापाला नाव धड सांगता येईना, तेव्हा ते शुद्ध करून लिहिणारा मीच. त्याची जाण तिने ठेवली नाही.

"काका, तुमचं मंडळ अस्तित्वात नाही," ती म्हणाली.

"असं कसं? त्या बघ, बाहेर जिन्यात उभ्या आहेत."

"बायका अस्तित्वात आहेत. मंडळ नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, घटना, हिशेबतपासनीस आणि एका वाक्यात उद्दिष्ट. ते वाक्य एकदा नोंदलं की तेच तुमचं बोधवाक्य. फलकावर तेच, पावतीवर तेच, शिक्क्यावर तेच."

अशा रीतीने ज्याला साधा सुलट टाका घालता येत नाही असा मी विणकाम मंडळाचा सचिव झालो. बायकांनी मला एकमताने निवडलं, म्हणजे मी नको म्हणत असताना त्या विणत राहिल्या.

आता ते उद्दिष्ट. त्याच आठवड्यात एक नवीनच कुरबुर उपटली. खजिनदार नोल्फाबाईचा नवरा एदुविनो हा आमचा बेकरीवाला. पाव देता देता तो मला म्हणाला, "साहेब, आमची बायको जगाला टोप्या वाटते आणि मी पहाटे भट्टीवर उघड्या कानांनी जातो. परक्याला ऊब आणि घरच्याला वारा, हा कुठला धर्म?" मागे रांगेतल्या चार-पाच नवऱ्यांनी माना डोलावल्या. न्याय्य तक्रार होती. मी घरी येऊन तोडगा काढला: प्रत्येक बाईने टोप्या जोडीने विणायच्या. एक घरच्या नवऱ्याला, दुसरी परक्याला. कुणाची ना नाही. जन्मभर सरकारी मसुदे केलेल्या माणसाला हे एका वाक्यात बसवायला कितीसा वेळ लागणार? पहिल्या झटक्यात उतरलं:

'नवऱ्याला टोपी घाला, परक्याला ऊब द्या!'

वाचकहो, मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. लय होती. आज्ञार्थ होता. करुणा होती. ओर्फेलिनाला चकित करावं म्हणून मी तिला दाखवलं नाही. माझ्या पडझडीतलं हे पहिलं पाऊल.

काही मुलखांत टोपी घालणं म्हणजे फार तर पैशांत फसवणं, असं मी ऐकतो. ते लोक सुखी. आमच्या दक्षिणेत एखाद्याला बायकोने टोपी घातली म्हटलं की लोक त्याची रक्कम किती बुडाली ते विचारत नाहीत, शेजारी कोण राहतो ते विचारतात. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. गावात कुणाच्या डोक्यावर कधी, कुणाच्या कृपेने टोपी चढली, याची तोंडी नोंद माझ्याइतकी कुणाकडेच नसेल. पण मी लेखणी धरली की माझ्या डोक्यात फक्त शब्दकोशातले अर्थ राहतात. आणि शब्दकोशात टोपी म्हणजे टोपी.

यास्नाने वाक्य वाचलं. तिचा खालचा ओठ हलला. "काका, हेच ना? मागाहून बदलायचं तर विशेष सभा लागते, दोन-तृतीयांश सभासद हजर लागतात."

"कुमारी, मी लिहिलेलं वाक्य आजवर बदलावं लागलेलं नाही."

तिने शिक्का मारला. फारच जोरात मारला असं मला तेव्हा वाटलं.

पाट्या रंगवणाऱ्या लाउतारोने कागद दूर धरून, मग जवळ धरून पाहिला. "साहेब, असंच लिहू?"

"जसंच्या तसं. मागे तू 'स्मशानभूमी'त एक अक्षर खाल्लं होतंस, आठवतं?"

"आठवतं. म्हणूनच विचारतो," तो म्हणाला आणि सगळ्यात मोठा कुंचला त्याने निवडला.

शनिवारी फलक लागला. हॉल देवळाच्या समोर. मी खाली उभा राहून हात मागे बांधून प्रतिसाद पाहत होतो. पहिला आला पाद्री. त्याने वाचलं, छातीवर क्रूस काढला आणि आत गेला. मला वाटलं, भारावला. मग दोन कोळी आले. एकाने दुसऱ्याला वाचून दाखवलं. दुसरा फूटपाथवर बसला. त्याला उठवेना.

त्याच वेळी दुपारचे निरोप सुरू झाले. आमच्या भागात रेडिओवरून बेटावरच्या लोकांना निरोप देतात, आणि त्या वेळी प्रत्येक खिडकीतून तोच आवाज येतो. निवेदक गंभीर माणूस आहे. "पलीकडच्या वाडीतल्या रोसालिया कार्कामोला निरोप: डुक्कर मंगळवारच्या बोटीने येत आहे, धक्क्यावर हजर राहावे. विणकाम मंडळाचे सचिव हेरिबेर्तो ओयार्सो यांच्याकडून सर्व विवाहित भगिनींना आवाहन: नवऱ्याला टोपी घाला, पर..." इथे रेडिओ गप्प झाला. मग उकळत्या किटलीसारखा एक बारीक सूर आला. मग त्यांनी गाणं लावलं.

तो सूर ऐकताक्षणी माझ्या डोक्यातला शब्दकोश मिटला आणि मी गावच्या भाषेत फलक वाचला. पायांखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी नेहमी अतिशयोक्ती म्हणून खोडत आलो होतो. तो खोडण्यासारखा नाही.

ओर्फेलिना चौकातून येत होती. तिने मान वर करून सगळं शांतपणे वाचलं. मग म्हणाली, "विरामचिन्हं बरोबर आहेत."

एवढंच. मला वाटतं, ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून गावात एकही विवाहित पुरुष डोक्यावर टोपी ठेवीना. का ठेवील? टोपी दिसली की पोरंटोरंसुद्धा विचारायची, "काका, काकूंनी घातली का?" भर हिवाळ्यात, त्या आडव्या पावसात, गावातले नवरे उघड्या डोक्यांनी छाती काढून चालू लागले. डोक्यावर टोपी नाही म्हणजे घरात सगळं आलबेल, अशी ती जाहिरात होती. तीन दिवसांत अर्धा गाव शिंकू लागला. माझ्यासाठी ओर्फेलिनाने जोडीतली पहिली टोपी कधीच विणून ठेवली होती, राखाडी, दुहेरी पट्टीची. ती दाराजवळच्या खुंटीला लटकत असे. मी तिच्याकडे न पाहता बाहेर पडत असे. मीही शेवटी विवाहित पुरुषच. ओर्फेलिना रोज टोपीवरची धूळ झटकत असे.

धक्क्यावरचे परके मात्र खूष. त्यांच्या बायका पलीकडच्या बेटांवर, त्यांना इथे कुणाची भीती? ते कानटोप्या घालून गावभर ऐटीत हिंडत. आणि यातूनच पुढचा अनर्थ झाला. विणणाऱ्या बाईचा टाका तिच्या अक्षरासारखा असतो. नोल्फाबाईची वेणीची वीण अख्ख्या बेटावर दुसऱ्या कुणाला येत नाही. एके सकाळी एदुविनो बेकरीवाल्याने ती वीण एका दांडग्या, कुरळ्या मिशांच्या शिंपलेवाल्याच्या डोक्यावर पाहिली.

"ही टोपी कुणी दिली रे तुला?"

"एका बाईंनी," तो निरागसपणे म्हणाला. "फार प्रेमळ आहेत. म्हणाल्या, डोक्याचं माप घेऊ द्या."

त्या दिवशी गावाला पाव करपलेला मिळाला. नोल्फाबाईला मंडळात जायची बंदी झाली. संध्याकाळपर्यंत ती बंदी साथीसारखी पसरली. पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये ओर्फेलिना, ओतिलिया आणि मी. मी लोकरीची लडी हातांवर ताणून बसलो होतो. कारण सचिवाचं तेवढं एकच काम शिल्लक होतं.

सल्ले देणाऱ्यांची मात्र गर्दी होती. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "'टोपी'च्या जागी 'शिरस्त्राण' लिहा." पाद्री म्हणाला, "'घाला' काढा, 'चढवा' लिहा." मी म्हटलं, फादर, ते जास्त वाईट आहे. तो विचार करून लाल झाला. औषधवाला, ज्याचा या सर्दीत धंदा तिप्पट झाला होता, म्हणाला, "कशाला बदलता? चांगलं वाक्य आहे." आणि लाउतारो पाटीवाला, त्याच कुंचल्यासकट, "पुसायचं असेल तर पुसतो. पुसायचे वेगळे," म्हणाला.

मी यास्नाकडे गेलो. "बदलायला सभा लागते, काका. दोन-तृतीयांश."

"त्यांना नवरे सोडत नाहीत."

"का?"

"वाक्यामुळे."

"मग वाक्य बदला."

"त्यासाठी सभा लागते."

"बरोबर," ती म्हणाली. या उत्तरात कायद्याची जी चूक दाखवता येईल ती मी दोन रात्री शोधली. नाही सापडली. पोरगी चांगली तयार झाली आहे.

शेवटी तो रविवार आला. एकाच सभेत दोन्ही निकाल: आधी आमची गणसंख्या आणि बोधवाक्य, मग गुरुवारचा मालक. गणसंख्या भरली नाही तर आमचं मंडळ झोपलेलं समजून हॉल चकतीवाल्यांना. मी घरून निघालो. बाहेर वारा असा की देवळाची घंटा आपोआप वाजत होती. ओर्फेलिना पिशवी घेऊन पुढे गेली होती. दाराजवळच्या खुंटीवर टोपी होती. तिच्यावर धूळ नव्हती. मी ती खिशात टाकली. डोक्यावर नव्हे, खिशात. माणसाचं शौर्य टप्प्याटप्प्याने येतं.

हॉलच्या आत चकतीवाले आणि मधोमध बेलार्मिनो. त्याचं टक्कल पावसाने चकचकत होतं. बायका हॉलच्या पायऱ्यांवर उभ्या. आत यायची त्यांची इच्छा तोंडावर दिसत होती, आणि प्रत्येकीच्या कोपराला एकेक नवरा लटकलेला. सगळे उघड्या डोक्यांनी, सगळ्यांची नाकं वाहत होती. ओतिलिया एकटी शेगडीपाशी हात शेकत बसली होती, पुढच्या गुरुवारचंही आजच शेकून घ्यावं तशी.

बेलार्मिनोने घड्याळ पाहिलं. "हेरिबेर्तोसाहेब, माणसं मोजा. नसतील तर आम्ही चकत्या आणल्याच आहेत."

मी ओर्फेलिनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. शेगडीवरून किटली उतरवत होती, हळूहळू, शेवटचीच उतरवत असल्यासारखी. तेव्हा मी पायरीवर गेलो, खिशातून टोपी काढली आणि कानांच्या खालपर्यंत ओढली.

मग एदुविनो शिंकला आणि हसला. "अरे वा साहेब! तुम्हाला पण घातली?"

"हो," मी म्हणालो. आवाज कचेरीतला काढला, लग्नं लावायचा. "मला पण घातली. माझ्या बायकोने. भर दुपारी, हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. आधी डोक्याचं माप घेऊन. आणि एदुविनो, तुझं लग्न मी नोंदवलंय म्हणून सांगतो, ऊब फार आहे बाबा."

हशा उसळला. तो ओसरण्याची वाट पाहत मी तसाच उभा राहिलो. टोपीतून हसणं कमी ऐकू येतं, हा तिचा एक फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. पण कुणी हललं नाही. कोपरं सुटली नाहीत. माझा त्याग संपूर्ण वाया गेला होता, आणि वर मी हास्यास्पद दिसत होतो.

तेवढ्यात मागून बेलार्मिनो बोलला. मोठ्याने नाही. "लेको, हसताय काय? मला टोपी घालणारी होती. ती गेली तेव्हापासून या टकलावरून किती वारे गेले ते मी मोजायचं सोडून दिलंय. आज ती मला कुठल्याही अर्थाने टोपी घालणार असेल ना, तर मी बँड लावून चौकातून मिरवीन." त्याने नाक पुसलं. "ज्याला आहे तो खुंटीला लावून हिंडतो. गाढवं."

'खुंटीला' हा शब्द मला का लागला ते मी कुणाला सांगितलं नाही.

एदुविनोने नोल्फाबाईकडे पाहिलं. नोल्फाबाईने शालीखालून एक टोपी काढली. वेणीची वीण, मिशीवाल्याच्या टोपीपेक्षा दुप्पट गुंतागुंतीची. "ही तुझी होती, मूर्खा. म्हणून वेळ लागत होता." एदुविनोने ती घातली आणि सगळ्यांकडे असं पाहिलं की हसेल त्याला उद्या पाव नाही. त्यानंतर टोप्या भराभर बाहेर आल्या. बायका आत आल्या. गणसंख्या भरली, वर दोन जास्त.

"आता बोधवाक्य बदलण्याचा ठराव," मी कागद काढला. "बाजूने हात वर करा."

माझा एक हात वर गेला. इतर सगळे विणत होते.

"ओर्फेलिना?"

"राहू दे रे. लय चांगली आहे."

राहिला गुरुवार. बेलार्मिनोने स्वतःच चकत्या पिशवीत भरल्या. "आम्ही बुधवारी येऊ. चिचेला वार नसतो." तो निघाला तशी ओर्फेलिनाने पिशवीत हात घालून एक टोपी काढली, निळी, शुभ्र कडेची. "थांबा बेलार्मिनोराव. जोडीतली दुसरी उरलीय. पण ही घटनेप्रमाणे फक्त परक्याला देता येते."

"मी तर जन्माने इथलाच."

"मग नाही देता येणार."

बेलार्मिनोने उघड्या दारातून पावसाकडे पाहिलं. "आजपासून परका," तो म्हणाला आणि मान खाली वाकवली. तिने ती त्याच्या टकलावर बसवली, कडा सारख्या केल्या. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आता तो दर गुरुवारी येतो, ओतिलियाशेजारी बसतो आणि लोकरीचे गुंडे करतो. चकती फेकणाऱ्या हाताला गुंडा छान जमतो. माझी काही तक्रार नाही. फक्त नोंदणीची सवय असल्यामुळे एक नोंद करून ठेवली आहे: त्याच्या टोपीला वर मोठा, गुबगुबीत गोंडा आहे. माझ्या टोपीला गोंडा नाही.

परवा घरी येताना मी सहज, अगदी सहज, ओर्फेलिनाला विचारलं की असं का.

तिने दार उघडलं, माझी टोपी काढून खुंटीला लावली, त्यावरचं पाणी झटकलं आणि म्हणाली, "नवऱ्याला टोपी घालायला गोंडा लागत नाही, हेरिबेर्तो."